दहा दिवसांनी आलेले ठोके

देगलूर-नांदेड गाडीवर मी कंडक्टर होते. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच दिवस गेले होते. सासूबाईंनी बजावलं होतं, "तीन म्हैने कुणाला बोलायचं न्हाई."

दीड महिना झाला असेल. त्या सकाळी नरसीच्या पुढे तिकिटं फाडताना काहीतरी ओलसर लागलं. नायगावच्या स्टँडवर उतरून बघितलं, तर रक्त.

"मामा, नांदेडला पोचलं की मला दवाखान्यात जायचंय," ड्रायव्हरमामांना मी एवढंच म्हणाले. ते मुलीबाळींचे बाप. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. "बस जागेवर. आता उठायचं न्हाई." मग प्रत्येक स्टॉपला त्यांनीच चढणाऱ्यांना तिकिटासाठी माझ्याकडे पाठवलं.

मी फोन केल्यावर मागच्या गाडीनं सासूबाई नांदेडला आल्या. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. "गर्भाची पिशवी दिसतेय. बाळाचे ठोके अजून दिसत नाहीत. दहा दिवसांनी या."

"गाडीच्या हादऱ्यांनी झालं का?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही काही केलं म्हणून झालेलं नाही. असं रक्त जाऊनही पुष्कळ जणींचं बाळ नीट राहतं. काहींचं राहत नाही. आजच सांगता येणार नाही. रक्त वाढलं किंवा पोटात जोरात दुखलं, तर लगेच या."

ते दहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बाथरूमला जायची भीती वाटायची. चौथ्या दिवशी डाग तपकिरी झाले, सहाव्या दिवशी थांबले. तेही चांगलं की वाईट, कळेना. मी रजेवर का, हे शेजारणीनं हेरलंच. "गाडीवरची नोकरी, दुसरं काय होणार!"

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डॉक्टरीनबाईनं सांगितलंय, गाडीचा काही संबंध न्हाई. तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकलाव?"

मी कितीतरी दिवसांनी हसले.

दहाव्या दिवशी त्या हट्टानं माझ्यासोबत आत आल्या आणि माझ्या पायापाशी उभ्या राहिल्या. पडद्यावर तांदळाएवढं काहीतरी लुकलुकत होतं. डॉक्टरबाईंनी बटण दाबलं आणि खोलीभर आवाज झाला. धडधड, धडधड, दम न खाता.

"एवढं पळून राहिलंय?" सासूबाई घाबरल्या.

"असंच पळायला पाहिजे, आजी."

सासूबाईंनी माझं पाऊल इतकं गच्च दाबलं की मी ओरडले. मला रडू येत होतं आणि हसूही.

मी साडी सावरून बाहेर येईपर्यंत त्या पुढे गेल्या होत्या. नंबर लावून बसलेल्या पंधरा-वीस बायांसमोर, पदर खोचून, खणखणीत आवाजात त्या सांगत होत्या, "आमच्या सुनंला दिवस गेलेत! ठोके आलेत, लई जोरात आलेत!" एक अनोळखी बाई उठली आणि तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

पुढचे महिने मी डेपोत टेबलावरचं काम केलं. पुन्हा डाग दिसला नाही. मुलगी झाली, पावणेतीन किलोची, आणि पहिल्याच रडण्यानं तिनं अख्खा वॉर्ड जागा केला.