डावी बाजू

दादा गेल्याचा फोन मी शांतपणे घेतला. पहाटे वहिनीने केला होता, जळगावहून, पिंप्राळ्यातल्या घरून... "सुमन, हे उठत नाहीयेत गं." कुणाकुणाला कळवायचं ते मी कागदावर उतरवलं, गाडी सांगितली आणि धुळ्याहून निघाले. मी अशीच आहे. आधी कामं, मग रडणं. माझा तोल गेला तो महिन्याभराने आलेल्या दुसऱ्या फोनमुळे. आमच्याकडे धुळ्यात एका बागेत नौदलाचं जुनं लढाऊ विमान चबुतऱ्यावर ठेवलेलं आहे. त्या बागेच्या समितीचे अध्यक्ष बोलत होते. "ताई, सरप्राइज आहे! शरदभाऊंच्या स्मरणार्थ विमान रंगवून घेतलं. एकदम चकाचक. रविवारी फीत कापायला तुम्हीच या."

"कुठली बाजू रंगवली?" मी विचारलं.

"कुठली म्हणजे? बठ्ठं, अख्खं विमान!" ते खुशीत हसले.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन हातातली वाटी आपटली. स्टीलची होती, पोचा आला.

दादा दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाला आणि या विमानाच्या मागे लागला. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून हुबेहूब छोटी विमानं बनवणारी माणसं असतात. तोही त्यांतलाच एक. एकेका विमानावर महिनोन् महिने बसतात. जहाजावर जागा कमी म्हणून पंख दुमडायचे, तर ती बिजागरी कशी होती, जहाजावर उतरताना तारेत अडकवायचा शेपटीखालचा आकडा नेमका कुठून सुटायचा, रंग कुठे विटला होता, हे त्यांना बघायचं असतं, आणि प्रत्येकाला धुळ्याला येणं शक्य नसतं. म्हणून दादा त्यांच्यासाठी फोटो काढायला सकाळच्या एसटीने यायचा, माझ्याकडे चहा घ्यायचा आणि मला शिडी धरायला घेऊन जायचा. आभाळ भरून आलेलं असेल तरच यायचा, कारण उन्हात पत्रा चमकतो, सावल्या पडतात आणि खिळे दिसत नाहीत. मी एकदा म्हटलं, मावळतीला ये, काय सुंदर फोटो येईल. केवढा चिडला! "सुमे, मला सुंदर नको, खरा पाहिजे. सुंदर फोटोवरून एक बिजागरी तरी बनवून दाखव." प्रत्येक फोटोत तो काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगवलेली एक लाकडी पट्टी ठेवायचा, म्हणजे बघणाऱ्याला मोजमाप कळतं. आणि फोटो पाठवताना कोणता भाग काढता आला नाही आणि का, हे खाली लिहायचाच. जे दिसलं नाही ते अंदाजाने सांगायचं नाही, यावर तो कुणाशीही भांडायला तयार असे.

बागेचा जुना वॉचमन त्याची फिरकी घ्यायचा. "भाऊ, इमान त एकच शे. कितला फोटू काढशात?"

"जितला स्क्रू शेतस तितला!" दादा शिडीवरून ओरडायचा. मग दोघं तंबाखू मळत बसायचे.

उजवी बाजू झाली, शेपटी झाली, पंख झाले. डावी राहिली. त्याच बाजूला विटलेल्या राखाडी रंगाखालून जुन्या तुकडीचा क्रमांक अर्धवट दिसायचा. कोल्हापूरचा एक मुलगा नेमकं हेच विमान करत होता आणि त्या क्रमांकासाठी थांबला होता. पण डावीकडे समितीचं लॉन होतं. लॉनवर पाय ठेवू नये, असा बोर्ड. फोटो समोरून घ्यायचा तर लॉनवर उभं राहावंच लागणार. दादाने अर्ज केले, अध्यक्षांच्या दुकानात जाऊन बसला, चप्पल काढून उभा राहतो म्हणाला. "भाऊ, तुम्हाला सोडलं तर सगळेच येतील हो," हे ठरलेलं उत्तर. सगळे! त्या विमानाच्या डाव्या बाजूसाठी धुळ्यात रांग लागली होती जणू... दादा वाट बघत राहिला. परवानगीची आणि आभाळाची.

रविवारी मी गेले. विमान आकाशी निळं झालं होतं, तेलरंगात, आरशासारखं. पोटावर तिरंगी पट्टे. शेजारी संगमरवरी पाटी: 'हवाई दलप्रेमी शरदभाऊ यांच्या स्मृतीस'. हवाई दल! जहाजावरून उडणारं विमान, शेपटीला अजून आकडा लटकतोय आणि यांना ते नौदलाचं आहे हे बघायची गरज वाटली नाही. पण मी हादरले ते खाली बघून. डावीकडचं लॉन पार तुडवलेलं होतं. रंगाऱ्यांचे बांबू तिथेच रोवले होते, खड्डे तसेच होते, गवतावर निळे थेंब.

"यांना बरी परवानगी दिलीत," मी म्हणाले.

"अहो ताई, काम होतं ते!" अध्यक्ष म्हणाले.

मी फीत कापली नाही. पर्समधून दादाचा कॅमेरा आणि पट्टी काढली, चप्पल न काढता लॉनवरून चालत गेले आणि साडी खोचून विमानाच्या पोटाखाली उताणी झाले. "ताई, माणसं बघतायत..." मागून आवाज आला. बघू देत. चाकं आत घेण्याच्या कप्प्यात रंगाऱ्याचा हात पोचलेला नव्हता. तिथे जुना फिका रंग होता, गंजलेले खिळे होते, नळ्यांवरची पुसट अक्षरं होती. ऊन कडक होतं, पण पोटाखाली सावलीच. मी पट्टी टेकवली आणि मिळेल तेवढं काढलं.

त्याच संध्याकाळी फोटो कोल्हापूरला पाठवले. मुलाचं उत्तर लगेच आलं. दादाबद्दल दोन चांगली वाक्यं, आणि मग संकोचून, "ताई, डाव्या बाजूचा क्रमांक मिळेल का?"

पट्टी समोर टेबलावर होती. एका टोकाला निळा डाग लागला होता, रंग अजून पुरता वाळला नव्हता तिथला. तो मी पुसलेला नाही. दादा लिहायचा तसं फोटोंखाली मी लिहिलं: 'डावी बाजू काढता आली नाही. कारण : लॉन.'