सावळारामभाऊंच्या न भिजणाऱ्या पिशव्या

एसटी स्टँडवर कुणाचीही पिशवी दिसली की सावळारामभाऊ ती उचलून उजेडाकडे धरायचे. शिवणीतली सुईची भोकं बघून हळहळायचे. साखरेच्या पुड्याचं तोंडही तीन घड्या घालून मिटायचे. आभाळ गडगडलं की दुकानाच्या दारात उभे राहायचे, वऱ्हाड आल्यासारखे. मी आळे गावचा, म्हणजे त्यांच्या शेजारचाच. तरी मला ‘पावणं’ म्हणायचे.

सावळारामभाऊ गेल्या आठवड्यात गेले. जेवताना हसत होते, आणि गेले. हे वाक्य मला अजून खरं वाटत नाही.

आळेफाट्यावर त्यांचं टेम्पोच्या सीट कव्हरचं दुकान. बेल्ह्याच्या बाजाराला येणारे व्यापारी त्यांची गिऱ्हाइकं. २००१च्या पावसाळ्यात पुण्याचा एक ट्रेकर फाटलेली सॅक घेऊन आला. भाऊंनी ती शिवून दिली, आणि तेव्हापासून त्यांना न भिजणाऱ्या पिशव्यांचा नाद लागला.

पिशवी मागायला आलेल्या माणसाला ते आधी विचारायचे, “पावसात भिजायचंय का पाण्यात पडायचंय?” नुसता पाऊस असेल तर ताडपत्रीची पिशवी, शिवणीवर आतून पंक्चरचं सोल्युशन. नदी ओलांडायची असेल तर शिवणच नाही. ट्रकच्या ट्यूबची, चिकटवलेली. दोन्हींचं तोंड तीनदा गुंडाळायचं, वर दप्तराचं बक्कल.

या नादात सीट कव्हरं मागं पडली. त्यांची बायको, द्रौपदावहिनी, वैतागल्या.

“टेम्पोवाले बोंबलत्यात आन् तुमी डोंगरावर हिंडणाऱ्यांच्या पिशव्या शिवताय!”

शेवटी यंदा दोघांत ठरलं. आषाढात ताडपत्रीच्या पिशवीत वहिनींचे उडदाचे पापड भरायचे आणि नाणेघाटापर्यंत चालत न्यायचे. कडक राहिले तर पिशव्या चालू. मऊ पडले तर मशीन पुन्हा सीट कव्हरला. साक्षीदार म्हणून मी.

घाटघरहून निघालो. पाऊस आडवा. वहिनी खताच्या गोणीच्या खोळीत, मी रेनकोटात, भाऊ पिशवीच्या कौतुकात. एका आंब्याखाली थांबलो. भाऊंनी बक्कल काढून पिशवी उघडली.

“बघा राव! लाकडावानी कडक!”

पुढे चहाच्या टपरीवर दोन अनोळखी मुलींना दाखवलं. मग एका गुराख्याला दाखवलं. त्याच्या म्हशींनाही दाखवलं असतं. त्या पुढं निघून गेल्या.

घाटमाथ्यावर वहिनींनी पापड बाहेर काढला. तो पोळीसारखा वाकला.

भाऊ मटकन दगडावर बसले. “गळली,” ते म्हणाले. “मिटलं. उद्यापासून सीट कव्हर.”

वहिनींनी पापड खोळीत घेतले, पिशवी उलटी केली, आतलं पाणी झटकलं, एकेक शिवण चाचपली. बाहेरून कितीही पाणी आपटलं तरी आत थेंब येत नव्हता.

“शिवण शाबूत हाय,” त्या म्हणाल्या. “पिशवी गळलीच न्हाई. तुमीच तिच्यात पाऊस भरला. भेटंल त्याला उघडून दावत व्हता, नव्या नवरीचं तोंड दावल्यावानी!”

“मग दावायचं न्हाई व्हय?”

“दावा की. न उघडता दावा.”

समोर दरीत पडणारं पाणी वारा उलटं वर फेकत होता. ते बघता बघता भाऊंनी मांडीवर थाप मारली.

“खिडकी! जाड पारदर्शक प्लास्टिकची! उघडायचं कामच न्हाई!”

“ऱ्हाऊ द्या मग मशीन पिशव्यांना,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी मऊ पापडाचा तुकडा तोडून मला दिला. “खावा. लाटीवानी लागतोय.” तिघांनी मिळून निम्मे पापड तिथंच संपवले. भाऊ येताना वाटभर हसत होते.

काल दुकानात गेलो. मशीनवर निळ्या ताडपत्रीची पिशवी आहे. मधोमध पंज्याएवढा चौकोन कापलेला. त्यावर प्लास्टिक लावलंय. तीन बाजू शिवून झाल्यात. चौथी उघडी आहे.