मोठा डबा, बारीक आवाज

अन्याय माझ्या मामांवर झाला. अठ्ठ्याण्णव साली, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सांगलीतल्या त्यांच्या स्वतःच्या घराच्या फाटकात. करणारे चौघे होते आणि चौघेही शिकलेले होते. कॉलनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचताना ती तुम्हाला तुमचीच वाटली पाहिजे.

मामा असे, की त्यांनी कॉलनीतला सगळ्यात मोठा सबवूफर विकत घेतला आणि सगळ्यात हळू वाजवला. आमच्या घरात त्याला कुणी सबवूफर म्हटलं नाही, डबाच म्हणायचे. होम थिएटरच्या संचात पाच लहान स्पीकर असतात. बोलणं, गाणी ते बघतात. ढगांचा गडगडाट, घोडे, आगगाडी आणि मारामारी ही मोठ्या लाकडी डब्याची कामं. मामांना त्या पाचांचं कौतुक नव्हतंच. त्यांचा सगळा जीव डब्यात.

त्याला कारण होतं. मामा कराडच्या बाजूच्या एका खेड्यातले. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा तो गावाच्या अंगाला, आणि आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. "बोलणं ऐकू यायचं न्हाई," मामा सांगायचे, "गाणंबी वाऱ्यावर जायचं. पण ढोल आन् धडाम तेवढं आमच्यापतूर यायचं, जमिनीतनं. त्याच्यावरनं आमी स्टोरी वळखायचो." तिकिटाला पैसे नसायचे, असं ते म्हणत. माझी आई, म्हणजे त्यांची बहीण, म्हणायची, "पैसे होते. तंबूत बसायला जागा कुठली मिळायची ते विचार त्याला."

मी साताऱ्याहून कॉलेजसाठी सांगलीला मामांकडे राहायला आले, त्याच वर्षी त्यांनी संच घेतला. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क झाले होते, जोडबंगल्यातला अर्धा भाग स्वतःचा झाला होता. आता आवाज घरात हवा होता. मिरज रस्त्यावर हमीदभाईंचं दुकान होतं, तिथं मी आणि मामी दोघीही बरोबर गेलो. हमीदभाईंनी डब्यांची रांग दाखवली आणि एकेक वाजवून दाखवायला लागले. काचा थरथरल्या. मामांनी कानांवर हात नाही ठेवले, चपला काढल्या. अनवाणी पायांनी फरशीवर उभे राहिले आणि म्हणाले, "आता सगळ्यात बारीक आवाजात लावा."

"साहेब, सगळी गिऱ्हाइकं म्हणतात जोरात लाव. बारीकच पाहिजे तर ट्रान्झिस्टर न्या की."

"लहान डब्याला वरडावं लागतं, हमीदभाई. मोठा डबा हळू बोलला तरी पायाला कळतो."

मामी म्हणाल्या, "घरात तुमचंबी तसंच आसतं तर बरं झालं आसतं." हमीदभाई खो खो हसले आणि तो सगळ्यात मोठा डबा त्यांनी स्वतः रिक्षात चढवून दिला.

मांडामांड चालली ती पुढचे कित्येक रविवार. मधला स्पीकर टीव्हीवर, दोन पुढं, दोन मागच्या भिंतीवर. मागचा एक बुद्धमूर्तीच्या शेजारी येत होता, त्यावर मामींनी हरकत घेतली, "आवं, ध्यानाला बसलेत ते. त्यांच्या कानाशी भोंगा कशाला?" तो सरकवला. खरा प्रश्न डब्याचा होता. डबा कोपऱ्यात ठेवला की त्याचा दम दुप्पट होतो, हे हमीदभाईंनी बजावून सांगितलं होतं. पण कोपऱ्याची भिंत सामाईक. पलीकडे अप्पा राहायचे, निवृत्त गृहस्थ, बोलायला गोड. मामांनी डबा उचलला आणि थेट हॉलच्या मधोमध ठेवला, चारही भिंतींपासून लांब, खाली दुमडलेली वाकळ घालून. आल्यागेल्याची करंगळी त्याच्यावर आपटायची. पाहुणे त्याला स्टूल समजायचे. साऱ्या सांगलीत डब्याला गोधडीवर झोपवणारं घर आमचंच असेल.

इतकी धास्ती कशाची? सांगते. मामा त्या कॉलनीतले पहिले बौद्ध. राहायला आले त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी चहाला बोलावलं आणि हसत हसत सांगितलं, "जयंतीचा दणदणाट तेवढा इकडे नको हं. तुमच्या लोकांना आवाजाची सवय असते. बाकी कॉलनी तुमचीच." मामाही हसले. गणपतीत भोंगा सेक्रेटरींच्याच दारात लागायचा, दहाही दिवस. हे मी लिहिते आहे. मामा कधी बोलले नाहीत.

त्यामुळं मामांनी एकही सिनेमा पुरता पाहिला नाही. मारामारी सुरू झाली की ते उठायचे, बादली घ्यायचे आणि कुंपणालगतच्या जास्वंदीला पाणी घालायला जायचे. पाणी हे निमित्त. अप्पांच्या खिडकीखाली उभं राहून आवाज कुठवर येतोय ते ऐकायचे. आत येऊन विचारायचे, "मेला का त्यो?"

"मेला. आता त्याचा भाऊ आलाय."

"मंजे अजून एक मारामारी हाय," असं म्हणून ते बटण आणखी मागं फिरवायचे. शेवटी नायक ओठ हलवायचा आणि आम्ही अंदाज करायचो. जास्वंद मात्र माजली होती.

फाटकातल्या आणि घरातल्या भाषेतसुद्धा त्यांनी असंच बटण बसवलेलं होतं. फाटकात "नमस्कार, आहे ना ठीक?" आणि उंबऱ्याच्या आत "काय लय दमलो गड्या." मला याचा राग यायचा. मी विद्यार्थ्यांच्या संघटनेत पत्रकं लिहायची, मला सगळ्याचाच राग यायचा. "तुम्ही भिता," मी एकदा तोंडावर म्हटलं. मामा म्हणाले, "भितो की. तू पत्रक वाटून साताऱ्याला जाशील. मला हितं रोज दूध आणायला जायचंय."

एकदाच, फक्त एकदा, मी तो डबा मोठ्यानं वाजलेला ऐकला. सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न होतं, सगळी कॉलनी कार्यालयात, अप्पासुद्धा. आम्हाला पत्रिका होती, पण जेवणाच्या वेळेचीच, म्हणून आम्ही अजून घरी. भर दुपार. मामा दोनदा रस्ता बघून आले, दार लावलं आणि घोड्यांचा प्रसंग लावून बटण अर्ध्यावर नेलं. फडताळातली भांडी बोलायला लागली. मामी उलथनं हातात घेऊन बाहेर आल्या आणि उभ्याच राहिल्या. मामा चपला काढून डब्यासमोर उभे होते, डोळे मिटून. "आसंच यायचं," ते म्हणाले. "वड्याच्या पल्याडनं. आसंच." तेवढ्यात रस्त्यावर स्कूटर वाजली. मामांनी इतक्या घाईनं बटण फिरवलं की ते हातातच निघून आलं. स्कूटर पुढं निघून गेली. आम्हा तिघांच्याही छातीत धडधडत होतं आणि ती धडधड डब्याची नव्हती.

त्यानंतर फलटणचे पाहुणे आले. त्यांच्या नातवानं डब्याच्या पुढच्या कागदी पडद्यात बोट घातलं. पडदा फाटला. मामा पोराला काही बोलले नाहीत, डबा हमीदभाईंकडे दुरुस्तीला नेऊन टाकला. नवा पडदा मुंबईहून यायचा होता. म्हणजे कोजागरीला डबा घरात नव्हता. हे नीट लक्षात ठेवा.

कोजागरीला एका गच्चीवर भाड्याचे स्पीकर लावून दूध आटवलं गेलं. गच्ची कुणाची ते कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण निम्मी कॉलनी तिथंच नाचत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी तिघांना घेऊन आमच्या फाटकात आले.

"काय हे साहेब? रात्रभर धाडधाड. अप्पांचं बीपी वाढलं. तुम्हाला आम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं."

मी पायरीवर होते. "डबा घरातच नाही!" मी ओरडले. "आत या, बघा!"

"तू आत जा," मामा माझ्याकडं न बघता म्हणाले. मग त्यांनी त्या चौघांना हात जोडले. "चुकलं. परत नाही होणार."

न वाजवलेल्या आवाजाची माफी. चौघांपैकी एकालाही आत डोकावून बघावंसं वाटलं नाही. "ठीक आहे, ठीक आहे, आपण सगळे एकच आहोत," असं म्हणत ते मोठ्या मनानं परत गेले.

घरात मामींच्या तोंडाचा पट्टा सुटला. "घर आपलं, भिंत आपली, आन् माफीबी आपलीच व्हय?" मामा खुर्चीत बसले होते. "डबा न्हवता म्हटलं, की मग कुणाचा व्हता ते सांगावं लागतं," ते म्हणाले. "ते सांगितलं की वैर. आपल्याला हितं ऱ्हायचंय." मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं, घराघरात टाकायला. मामांनी ते वाचलं, "लिवतीस चांगलं," म्हणाले आणि सकाळी त्या चौघांना जोडले होते तसेच मलाही हात जोडले. ते पाहिल्यावर मी पत्रक छापू शकले नाही.

डबा त्यांनी परत आणलाच नाही. पडदा आला, बसला, हमीदभाईंचे निरोपावर निरोप आले. मामा "आणतो, आणतो" म्हणत राहिले. मग पाच लहान स्पीकरही उतरवले आणि हॉलमध्ये मोकळी जागा झाली, तिथं कुणीच बसायचं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी साताऱ्याला बदली मागून घेतली. इथं राहायचं म्हणून माफी मागितलेला माणूस इथून निघाला.

ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा अप्पा भेटायला बाहेर आले. मामांचा हात हातात घेतला, डोळे ओले केले. खोटे नव्हते, एवढं मी कबूल करते. म्हणाले, "करमणार नाही हो तुमच्याशिवाय. फक्त तो तुमचा डबा... अजून रात्री ऐकू येतो. कालसुद्धा येत होता."

वर्षभर डबा त्या घरात नव्हता. मी मामांकडे पाहिलं. आता तरी बोलतील, आता जाताना तरी.

"कमी करतो, अप्पा," मामा म्हणाले.

आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

आता तुम्हाला सांगते, आणि मामा हात जोडतील तरी सांगणार. पुढच्या वेळी गल्लीत धाडधाड ऐकू आली की आधी बाहेर या. गच्च्या बघा. आवाज कुठून येतोय ते स्वतःच्या कानांनी शोधा, आणि त्याच दारावर जा, मग ते सेक्रेटरींचं का असेना. आणि याआधी न शोधता तुम्ही ज्याच्या फाटकात जाऊन उभे राहिला होता, तो माणूस अजून तुमच्या कॉलनीत असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि त्याच्याकडे जा. त्यानं तुमची मागितली तशीच चौघांसमोर, पण मोठ्यानं, त्याची माफी मागा.