अण्णांनी मेक्सिकोत खाल्लेला फणस

मी माझ्या सासऱ्यांना तीन आठवडे जवळजवळ रोज कोंबडी खाऊ घातली आणि फणस म्हणून सांगितलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

सकाळपासून डोक्यात नुसता गोंधळ आहे, म्हणून लिहितोय. शर्वरीने, म्हणजे बायकोने, वाचलंय. 'टाक पोस्ट' म्हणाली. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

ते जाण्याआधीची ही गोष्ट. मी तेव्हा कंपनीच्या प्रोजेक्टवर मेक्सिकोत होतो, ग्वादालाहारा नावाच्या शहरात. जिन्यावरून घसरलो आणि उजवा हात मोडला. लेकीची दहावी सोडून शर्वरीला येता येईना. तिने वडिलांना, म्हणजे अण्णांना, पाठवलं.

नारायण पेठेतून थेट मेक्सिको. मफलरसकट.

अण्णांना स्वयंपाकातला फक्त चहा येत होता. मला डाव्या हाताने तोही येत नव्हता.

बरोबर आणलेले लाडू आणि मेतकूट आठवड्यात संपलं. रोज रेस्टॉरंट परवडण्यासारखं नव्हतं. मी फोनवर रिव्ह्यू वाचत बसलो, तर म्हणाले, "मंदारराव, पुण्यात मिसळ अशी शोधता का?"

आणि चपला घालून निघाले.

त्यांचे नियम ठरलेले. मेकॅनिक आणि टॅक्सीवाले जिथे उभ्याने खातात, तिथे जायचं. पैसे घेणारा हात वेगळा, वाढणारा हात वेगळा हवा. आणि गाडीवर शक्यतो एकच पदार्थ हवा.

का, तर "त्याला दुसरं काही येतच नाही. मग करतो काय बिचारा, हेच नीट करतो."

टाको म्हणजे तळहाताएवढी मक्याची मऊ पोळी, वर भाजी, कांदा, कोथिंबीर, लिंबू. उभ्याने खायचं. पहिले चार दिवस राजमा आणि बटाट्यावर निघाले. अण्णा खूश होते. एवढ्या स्वस्तात पुण्यात आता काय मिळतं, म्हणायचे.

पाचव्या दिवशी माझा कॉल लांबला. ते एकटेच पुढे गेले.

मी पोचलो तर एका नव्या गाडीसमोर उभे. एकच पातेलं, एकच पदार्थ, भोवती ही गर्दी. नियमाप्रमाणे अगदी परफेक्ट जागा. फक्त पातेल्यात टोमॅटोच्या रश्श्यात शिजवून बारीक तंतू काढलेली कोंबडी होती.

अण्णांचा तिसरा टाको चालू होता.

अण्णा म्हणजे चातुर्मासात कांदा-लसूण बंद करणारा माणूस. अंड्याचा केकसुद्धा विचारून खाणार. मला सगळं चालतं हे सासरी माहीत होतं, त्यावर बोलत कोणी नव्हतं.

त्यांनी बोटं चाटली आणि विचारलं, "हा फणस का हो?"

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. इतकं समाधान मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"हो अण्णा, फणसच. इथे पिकतो," मी म्हणालो.

पिकतो हे खरं आहे. बाकी सगळं खोटं.

मला वाटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता ते मफलर गुंडाळून दारात तयार. तिसऱ्या दिवशीही. गाडीवरची बाई त्यांना बघितलं की न विचारता तीन टाको लावायला लागली. मी बटाट्याच्या गाडीकडे वळवायला बघायचो, तर म्हणायचे, तुम्ही जा, मी आहे इथे.

एकादशीला मात्र आले नाहीत. केळी खाऊन झोपले.

रोज फोनवर शर्वरीला सांगायचे, इथे फणस फार छान करतात. मी शेजारी बसून भिंतीकडे बघायचो.

गाडीच्या एका बाजूला हा एवढा लाल कोंबडा रंगवलेला होता. अण्णा नेहमी दुसऱ्या बाजूला उभे राहायचे.

मुद्दाम? की तिकडे सावली होती म्हणून? खरंच माहीत नाही.

पुण्यात परत आल्यावर सांगेन, असं ठरवलं होतं. आलो. एकदा त्यांच्या गुडघ्याचं दुखणं निघालं, एकदा पाहुणे होते, एकदा धीरच झाला नाही. मग एका सकाळी ते उठलेच नाहीत.

आज वर्षश्राद्ध. त्यांच्या आवडीचं काही करायचं म्हणून शर्वरीने हौसेने कच्च्या फणसाची भाजी केली. नैवेद्याचं पान वाढताना सासूबाई थांबल्या.

"फणस कशाला?" म्हणाल्या. "ह्यांना वाससुद्धा सहन होत नसे. बेचाळीस वर्षांत घरात आणू दिला नाही. जन्मात कधी तोंडात घातला नाही त्यांनी."

शर्वरी म्हणाली, अगं, फोनवर रोज कौतुक करायचे.

"तेच तर मला तेव्हाही कळलं नव्हतं."

मग मी सगळं सांगितलं. तिथेच, पानासमोर उभा राहून.

तेव्हापासून एकच विचार घोळतोय. फणस कधी खाल्लाच नव्हता, म्हणजे चव ठाऊक नव्हती, म्हणजे बिचारे खरंच फसले. पण ज्याचा वासही नको, ते समजून कोणी रोज तीन-तीन खातं का? आणि 'फणस' हा शब्द मी नाही काढला. त्यांनी काढला. मी फक्त हो म्हणालो.

माझं सांगून झालं तेव्हा सासूबाईंनी भाजीचं पातेलं पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "विचारायचं होतंत त्यांना. ते खोटं बोलत नसत."

आणि अण्णांच्या पानावर फणसाची भाजी वाढली. बाकीच्या पदार्थांपेक्षा जरा जास्तच.

अण्णा, तुम्हाला कळलं नसेल, तर तुमचा आयुष्यभराचा नेम मी मोडला. मला माफ करा.

आणि कळलं असेल, तर तीन आठवडे मी तुम्हाला सांभाळून घेतोय असं मला वाटत होतं, आणि सांभाळून तुम्ही मला घेत होतात.

यातलं कुठलं खरं, ते आता कोण सांगणार.

नमस्कार करतो, अण्णा.