कोल्हारचा पाईप आणि सावेडीचे सर

सांगतो, पण मध्ये हसायचं नाही. दुसऱ्यासाठी खड्डा सगळेच खणतात हो. मी तो मापं घेऊन खणला आणि वर पॉलिशही मारलं.

इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन मी सावेडीत गच्चीवर लाकडी पाईप बनवतो. तंबाखू ओढायचे, पाण्याचे नव्हेत. हा खुलासा रोज करावा लागतो. मशीन लावायचं नाही, लाकूड इथल्याच बाभळीचं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

आमच्या गल्लीत एक निवृत्त कर्नलकाका राहतात. त्यांचा जुना पाईप तडकला होता. माझं एकच स्वप्न होतं, त्यांच्या तोंडात रोज माझा पाईप दिसावा. पहिला नेऊन दिला. चार झुरके घेऊन ते म्हणाले, धुराचं भोक तंबाखूच्या वाटीच्या तळाशी निघत नाही, खालचा तंबाखू ओलाच राहतो. भिंत पातळ आहे. आणि वाटीला आतून व्हार्निश कोण लावतं?

मी म्हणालो, "काका, ही कला आहे."

"असेल. पण चटका बसतो."

मी ते मनावर घेतलं नाही. कलेतलं सगळ्यांना थोडंच कळतं?

मग उगवले कोल्हारचे बबन मिस्त्री. चाळिशीचा सुतार, दाराच्या चौकटी करणारा. पाईपच्या ऑनलाइन ग्रुपवर मी टाकलेला व्हिडिओ बघून त्यांनी एक पाईप केला आणि तिथेच फोटो टाकला. खाली कर्नलकाकांनी लिहिलं, 'हात चांगला आहे.' सहा पाईप करून मला हे तीन शब्द मिळाले नव्हते!

मी काय करावं? 'अनुभवी' नावाचं खोटं खातं उघडलं आणि मिस्त्रींना झोडपलं. टीका आणायची कुठून? काकांनी मला ऐकवलेली तयारच होती. भोक, भिंत, व्हार्निश, सगळी तिकडे लोटून दिली. वाटलं, गडी पुन्हा चौकटींकडे वळेल.

उत्तर आलं, 'सर, लई उपकार झाले. दुरुस्त करतो.'

आठवड्यात नवा पाईप, आधीपेक्षा देखणा. मी आणखी चिडलो. चुका शोधण्यासाठी पुस्तकं वाचली, फोटोवर पट्टी लावून मापं काढली. लिहिलं, तोंडात धरायची दांडी जाड, जबडा दुखेल. मिस्त्री आभार मानून तासत राहिले. या उद्योगात माझं स्वतःचं काम तसंच पडून राहिलं.

शेवटी काकांनी दोघांनाही रविवारी घरी बोलावलं. जो पाईप आवडेल तो कायमचा ठेवणार होते. मिस्त्रींचा त्यांनी पेटवला आणि डोळे मिटून ओढत बसले. बऱ्याच वेळाने माझा घेतला. तीन झुरके, मग रुमालाने ओठ पुसले आणि पुन्हा मिस्त्रींचाच तोंडात धरला.

माझा चेहरा बघून मिस्त्रींना कसंतरी झालं असावं. त्यांनी माझा पाईप उचलून आत डोकावून पाहिलं.

"नाराज होऊ नका, दादा. माझंबी आधी असंच हुतं. एक सर हायेत, लई जानकार. थांबा, तुमच्या पाईपचा फोटू त्यांना धाडतो."

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी फोटो काढून धाडलासुद्धा.

माझ्या खिशातला मोबाईल वाजला.

मिस्त्री माझ्या खिशाकडे बघत राहिले. काकांनी शांतपणे धूर सोडला. "बघ रे, काय आलंय."

बघावंच लागलं. माझ्या पाईपचा फोटो होता आणि खाली मिस्त्रींनी लिहिलं होतं, 'सर, पोरगं नवीन हाय. जरा सांभाळून सांगा.'