लाल कपड्यातली कादंबरी

त्या दिवसांत माझा देवावरचा विश्वास उडत चालला होता. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, आमच्या हट्टा गावी आली. मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून तिनं तोंड उघडलं नाही. रडली नाही, की धड जेवली नाही. नुसती वाळत चालली होती. मी घरात सगळ्यांना बजावलं होतं, बाळाचा विषय कुणी काढायचा नाही, विसरेल ती आपोआप. जन्मभर मास्तरकी केलेली बाई मी, माझ्यापुढं कोण बोलणार?

एके दिवशी तिच्या उशाखाली कादंबरी सापडली. उघडून बघते तर काय, त्यातही तान्हं लेकरू दगावलेलं! माझं डोकंच फिरलं. असलं लिहिणाऱ्यांचे हात कसे झडत नाहीत? आणि आपल्याच जखमेवर मीठ चोळून घ्यायची ही कुठली हौस? चुलीत घालायला निघाले होते, पण अक्षराला विस्तव लावायचा धीर होईना. शेवटी पोथीचं लाल कापड घेतलं, त्यात ती बांधली आणि देवघरात ठेवली. लेक तिकडं फिरकतही नव्हती.

आणि मग, खोटं कशाला बोलू, मीच ती चोरून वाचू लागले. एका दुपारी ओसरीवर बसले होते. पोथी वाचायच्या सवयीनं माझं वाचन मोठ्यानंच होतं. शेजारच्या शेतात कापूस वेचणारी तांड्यावरची एक बाई पाणी मागायला आली. लाल कापड बघून तिनं चपला काढल्या, हात जोडले आणि खालीच बसली.

"कोणती पोथी हाय, बाई?"

काय सांगणार, कपाळ! म्हटलं, "बायामाणसांची आहे." आणि पुस्तक मिटायला गेले.

"अध्याय अर्धा सोडू न्हाई, बाई. दोष लागतो."

मुकाट्यानं पुढं वाचलं. बाळ गेल्यावर त्या आईला पान्हा फुटतो. लुगडं भिजतं, आणि घरातली माणसं तिच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत राहतात. मी चरकले. आदल्याच दिवशी मी लेकीपुढं सोयाबीनच्या काढणीचं पुराण लावलं होतं. वाचता वाचता थांबले.

त्या बाईनं डोळ्याला पदर लावला. "मंग ते लेकरू कोणावानी होतं वो?"

"ते लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"माझ्या आईवर गेलं होतं."

मी दचकून मागं पाहिलं. लेक दाराला धरून उभी होती. "हनुवटीला अशीच खळी होती," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

नातू माझ्यासारखा होता, आणि मला ते ठाऊकच नव्हतं! मी त्याचं तोंड नीट बघितलंच नव्हतं, बघवलं नव्हतं. तोवर त्या बाईनं उठून लेकीला पोटाशी धरलं होतं. "रड माय, रड. काहून कोंडून राहिलीस?" लेक हंबरडा फोडून रडली, आणि मीही. संध्याकाळी तिनं स्वतःहून भाकरी मागितली.

त्या बाईला तहान कुणी लावली, ते मी कशाला सांगू? मी रोज तिच्या नावानं हात जोडते. ती कादंबरी आम्ही मायलेकींनी मिळून पुरी केली, मधेमधे थांबत, रडत. देवाजवळ आता "तिला विसरू दे" असं मागत नाही. तू का नेलंस, तेही विचारत नाही. एवढंच म्हणते, लेक बोलत असेल तेव्हा मला गप्प बसू दे.