क्लाइव्ह पास्कोचा जगप्रवास

चव घेतलेला चमचा तो पुन्हा त्याच पातेल्यात घालायचा. कुठल्याही देशाचा पदार्थ असो, वरून भोपळ्याच्या बिया भुरभुरायचा. गिऱ्हाइकाचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत टेबलाशी उभा राहायचा आणि ते काही बोलायच्या आत स्वतःच म्हणायचा, "झकास ना?" उत्तरासाठी कधी थांबला नाही.

लेमाराला सासऱ्याचं हे सगळं पाठ होतं. ती प्रशांत महासागरातल्या वानुआतू बेटांवरून टास्मानियात सफरचंदं तोडायला आली, क्लाइव्हच्या मुलाशी, गार्थशी, लग्न केलं आणि पास्कोंच्या खानावळीत भांड्यांपाशी येऊन पडली. गावात खानावळ ही एकच. दर गुरुवारी एक देश. क्लाइव्ह स्वतः टास्मानियातल्याच होबार्टच्या पलीकडे गेला नव्हता. थायलंडचा रस्सा आणि मोरोक्कोचा रस्सा एकाच पातेल्यातून निघायचा. एकात नारळाचं दूध पडे, दुसऱ्यात जर्दाळू. गाव मिटक्या मारत खायचं. गावाला तरी जीभ कुठं होती?

भिंतीवर जगाचा नकाशा होता. लावताना तो स्वयंपाकघराच्या दारावर यायला लागला, तेव्हा क्लाइव्हनं उजवीकडची पट्टी कात्रीनं कापून कचऱ्यात टाकली. फिजी गेलं, सामोआ गेलं, वानुआतू गेलं. न्यूझीलंडही गेलं, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

एकदा रोजच्या गिऱ्हाइकांतल्या म्हाताऱ्या डॉरीनं विचारलं, "काय रे क्लाइव्ह, तुझ्या सुनेचा देश कुठाय यात?"

"तो काय, दारात! दिवसभर त्यातूनच ये-जा करते की ती. विमानाचं भाडं वाचलं!"

सगळी खानावळ खिदळली. गार्थ सगळ्यांत मोठ्यानं. लेमारानं ताटल्या उचलल्या.

तिच्या बेटावर सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याची चूक काढत नाही. त्यानं विचारलं तरच बोलायचं. तिला एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा विचारावं: पोरी, तुमच्याकडचं लापलाप कसं करतात? किसलेलं कोनफळ, नारळाचं दूध, केळीच्या पानात गुंडाळून तापल्या दगडांत भाजलेलं. गुरुवारमागून गुरुवार गेले. पोलंड झालं, पेरू झालं. बियांसकट.

मग क्लाइव्ह खानावळीमागं खणायला लागला. "गटाराचं काम आहे," म्हणाला. एका सकाळी गार्थला तो खड्ड्याच्या काठावर पालथा पडलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

दफनानंतर माणसं खानावळीतच जमली. "जग दाखवलं हो त्यानं आपल्याला," कुणीतरी म्हणालं. माना डोलल्या. नकाशाखाली उभे राहून लोक सँडविच खात होते.

डॉरीनं लेमाराला बाजूला ओढलं. "आता सांगायला हरकत नाही. गटार कसलं! तुझ्या देशाचा गुरुवार करणार होता तो. तुला चकित करायचं होतं. कुठल्याशा पुस्तकात वाचून खणत होता."

लेमारा मागच्या दारानं बाहेर गेली. गार्थ तिच्या मागोमाग आला.

लापलापचे दगड तापवायचा खड्डा पोटरीएवढा खोल असतो. हा छातीएवढा होता. शेजारी नदीतले ओले गोटे रचून ठेवले होते. ते आगीत घातले असते तर फुटून कुणाचे तरी डोळे गेले असते. एक प्रश्न विचारायचा होता, फक्त एक. त्याला त्यापेक्षा छातीभर माती उपसणं सोपं गेलं.

"हा कसा खणायचा, तुला माहीत होतं?" गार्थनं विचारलं.

"कुणी विचारलं मला?"

गार्थनं खड्ड्यात पाहिलं. मग म्हणाला, "बुजवून टाकू का?"

ती काठाकाठानं पुढं गेली. खड्ड्याच्या पुढं खुंट्या ठोकून सुतळी बांधलेली होती. अजून तेवढंच लांब खणायचं बाकी होतं. त्यानं सोडलेलं फावडं अजून सुतळीच्या आत, एक पाऊलभर मातीत रुतलेलं होतं.